कवच घट्ट हवं तर शिंपल्याची वाटी वेगळी ठेवा

आज आपण अंड्याच्या कवचाबद्दल बोलणार आहोत.

बचत गटाच्या बैठकीत परसातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. कोंबड्या अंडी देतात, पण अंडी हातात धरवत नाहीत, लगेच तडकतात. टोपलीतून बाजाराला नेईपर्यंत दोन-चार फुटतात. कधी सकाळी खुराड्यात कवचच नसलेलं, नुसत्या पापुद्र्यातलं पिळपिळीत अंडं सापडतं. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी मांडावीत, तर तीन तिच्याच पायाखाली जातात. मग कुणी सांगतं, पाण्यात चुना घाला. कुणी सांगतं, नाचणी चारा. दुकानदार एक बाटली पुढं करतो. ताई विचारतात, यातलं खरं कामाचं काय?

कामाची गोष्ट स्वस्तातली आहे. फक्त ती का करायची, हे समजून घेतलं तरच ती नीट होते. म्हणून आधी कवच कसं तयार होतं ते बघू.

एका कवचाचा हिशेब

अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. शास्त्रात त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. शिंपला, चुनखडी आणि अंड्याचं टरफल हे तिन्ही मुळात एकाच जातीचे पदार्थ. एका अंड्याचं कवच वजनाला पाच ते सहा ग्रॅम भरतं. त्यात नुसतं कॅल्शियम धरलं तर साधारण दोन ग्रॅम.

दोन ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण कोंबडीच्या सगळ्या अंगात, हाडांसकट, मिळून वीस-पंचवीस ग्रॅमच कॅल्शियम असतं. म्हणजे एक अंडं देताना ती अंगातला जवळजवळ दहावा हिस्सा बाहेर टाकते. दुसरं अंडं द्यायच्या आत तेवढं परत भरून आलं पाहिजे. वर्षाला सत्तर अंडी देणारी गावरान कोंबडी कवचातून १४० ग्रॅम कॅल्शियम देते. दीडशे अंडी देणारी सुधारित जातीची कोंबडी ३०० ग्रॅम देते. स्वतःच्या अंगात असतं त्याच्या बारा-पंधरा पट!

आता हे येतं कुठून? कोंबडी जे खाते त्यातून. आणि खाण्यातून पुरेसं आलं नाही, तर तिच्या हाडांतून. तलंग अंड्यावर यायच्या आधी साधारण दोन आठवडे तिच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होऊ लागतो. हा साठा म्हणजे तिचं बचत खातंच. रात्री कवच घडताना कमी पडलं तर त्यातून काढायचं, दिवसा खाल्लं की परत भरायचं. रोज नुसतं काढतच राहिलं आणि भरणा झालाच नाही, तर खातं रिकामं होणार. मग आधी कवच पातळ होतं, नंतर अंडी कमी होतात आणि शेवटी कोंबडी पायातून जाते. बसलेली उठत नाही, पाय ओढत चालते, धरताना हाड मोडतं. म्हणून पातळ कवच दिसलं की ते नुसतं अंड्याचं नुकसान समजू नका. कोंबडी आपली हाडं मोडून अंडी देते आहे, त्याची ती पहिली खूण असू शकते.

आजीच्या कोंबड्यांना का लागत नव्हतं?

हा प्रश्न हमखास येतो. आजीनं कधी कोंबडीला शिंपले घातले नाहीत, तरी अंडी दगडासारखी घट्ट होती. ते खरंच आहे, आणि त्याला कारणं आहेत.

आजीची गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी द्यायची आणि खुडूक व्हायची. एकवीस दिवस उबवणीचे, पुढं दोन-तीन महिने पिलांमागे. तेवढ्या काळात अंडी बंद, म्हणजे हाडांचं खातं आपसूक भरायचं. दिवसभर ती उकिरड्यावर, गोठ्यात, शेताच्या बांधावर फिरायची. गोगलगाई, किडे, माती, खडे टिपायची. घराच्या भिंतींना चुन्याची सफेदी असायची, तिचे पोपडे कोंबड्या टोचून खायच्या. आपण हाकलायचो, पण त्या त्यांची गरज भागवत होत्या.

आता आपल्याकडं गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, ऱ्होड आयलंड रेड अशा जातींची पिलं येतात. वनराज आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केलेल्या जाती, तर गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची. शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरातही आहे. या कोंबड्या गावरानपेक्षा जास्त अंडी देतात आणि खुडूक फारशा होत नाहीत, म्हणून तर आपण त्या घेतो. पण सुट्टी न घेता अंडी देणारीला भरणाही रोजचा लागतो. त्यात भिंती सिमेंटच्या झाल्या, आणि बिबट्या-कुत्र्यांच्या भीतीनं कोंबड्या जाळीत ठेवायची वेळ आली. अंडी वाढली, चुना मिळायची ठिकाणं मात्र कमी झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पश्चिम भागात पाऊस भरपूर. गगनबावड्यात तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तिथली जमीन जांभ्याची, तांबडी. हजारो वर्षांच्या पावसानं तिच्यातला चुना धुऊन नेला आहे. उलट पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडं पाऊस कमी, जमीन काळी, आणि तिथं नांगरताना पांढऱ्या चुनखडीचे खडे वर येतात. तिकडच्या फिरत्या कोंबडीला मातीतून थोडाफार चुना मिळतो, डोंगरातल्या कोंबडीला तेवढा मिळत नाही. तेव्हा शिरोळच्या बहिणीनं काही न घालता चालतं म्हणून बावड्याच्या बहिणीलाही चालेल, असं धरू नका.

धान्यानं भागत नाही

आपण कोंबडीला काय घालतो? ज्वारी, मका, तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात-भाकरी. यात पोट भरतं, ताकद मिळते. कॅल्शियम मात्र नावालाच. शंभर ग्रॅम ज्वारीत ते साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम, तांदळात तर १० च्या आसपास. एक कवच मागतं दोन हजार मिलिग्रॅम! कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाते. म्हणजे दोन महिने नुसती ज्वारी खाल्ली तरी एका कवचाचं कॅल्शियम पुरतं भरणार नाही.

नाचणी चांगली, हे खरं. सगळ्या धान्यांत तिच्यात कॅल्शियम जास्त, शंभर ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणूनच ती आपण बाळंतिणीला आणि लेकरांना देतो. पण कोंबडीनं दिवसभर दुसरं काही न खाता शंभर ग्रॅम नाचणीच खाल्ली, तरी एका कवचाचा पाव हिस्साही होत नाही. शेवग्याच्या पाल्याचंही तेच. पाला घालाच, त्यात जीवनसत्त्वं आहेत, अंड्याचा बलक पिवळाधमक होतो. पण दहा-वीस ग्रॅम पाल्यानं कवच होणार नाही.

जास्त कोंडा घालून तर उलटं होतं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो आणि तो अशा रूपात असतो की कॅल्शियमलाच धरून ठेवतो. कोंडा थोडा असावा, सगळं खाणं कोंड्याचं नसावं.

काहीजणी दुकानातलं अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य आणतात, ज्याला लेअर खाद्य म्हणतात. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. तेच पूर्ण दिलं तर वरून फारसं काही लागत नाही. पण आपण पैसे वाचवायला त्यात निम्मी कणी मिसळतो, आणि मग कॅल्शियमही निम्म्यावर येतं. मांसाच्या कोंबड्यांचं, म्हणजे ब्रॉयलरचं खाद्य अंड्यावरच्या कोंबडीला चालवू नका. त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपासच असतं.

मग घालायचं काय?

तीन गोष्टी सांगते. तिन्हींमध्ये माल तोच, जी सोयीची पडेल ती घ्या.

पहिली, शिंपल्याचा चुरा. पशुखाद्याच्या दुकानात शेल ग्रिट किंवा शिंपला ग्रिट म्हणून मिळतो. घरीही करता येतो. आपल्याकडं रत्नागिरी-मालवणकडून मासळी येते, तिच्याबरोबर तिसऱ्या येतात, कालवं येतात. मांस खाऊन झालं की शिंपल्या आपण फेकतो. त्या फेकू नका. दोन पाण्यांतून धुवा, खारटपणा जाईपर्यंत रात्रभर पाण्यात ठेवा, उन्हात कडक वाळवा. मग जाड पोत्यात गुंडाळून दगडानं किंवा हातोडीनं कुटा. नदीकाठच्या शिंपल्याही चालतात, पण त्या आधी उकळून घ्या.

दुसरी, अंड्याची टरफलं. गावातला वडापाव-ऑम्लेटवाला, खानावळ, बेकरी रोज ढीगभर टरफलं टाकतात. सांगून ठेवलं तर ते फुकट देतील. पण टरफल कच्चं कधीच घालू नका. बाहेरच्या अंड्यांबरोबर रोग घरात येऊ शकतो. आधी दहा-पंधरा मिनिटं उकळा, उन्हात वाळवा किंवा तव्यावर कोरडी भाजा, मग कुटा. टरफल ओळखू येणार नाही इतपत बारीक झालं पाहिजे. अख्खी अर्धी वाटी दिसली, चाखायला मिळाली, की कोंबडी स्वतःची अंडी फोडून खायला शिकते. ती सवय एकदा लागली की सुटत नाही.

तिसरी, चुनखडीचे बारीक खडे, म्हणजे लाईमस्टोन ग्रिट. हेही दुकानात मिळतं. फरशीच्या कारखान्यातला संगमरवरी चुरा मात्र आणू नका. काही संगमरवरात मॅग्नेशियम जास्त असतं, त्यानं कोंबड्या पातळ हगतात आणि कवच सुधारायचं सोडून बिघडतं. शिवाय पॉलिशची पावडर त्यात मिसळलेली असते.

दुकानातला माल खरा चुन्याचा की नुसती बारीक खडी, हे ओळखायचं कसं? त्यावर लिंबू पिळा. फसफसून फेस आला तर तो चुना. काहीच झालं नाही, तर तो साधा दगड किंवा मॅग्नेशियमवाला संगमरवर. साधे खडे कोंबडीला धान्य दळायला लागतात, पण फिरती कोंबडी ते स्वतः टिपते. त्यासाठी पैसे देऊ नका.

वाटी वेगळीच का?

आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. हा चुरा खाद्यात कालवू नका. वेगळ्या वाटीत ठेवा.

का? एक तर कोंबडीला तिची गरज कळते. उद्या अंडं देणारी आज वाटीकडं जाते, न देणारी फिरकतही नाही. कोंबडा एखाद-दुसरा खडा टिपून निघून जातो. खाद्यात मिसळलं तर सगळ्यांना सारखंच खावं लागतं, ज्याला नको त्यालाही.

आणि ज्याला नको त्याला ते बाधतं. लहान पिलांना आणि वाढीच्या तलंगांना साधारण एक टक्का कॅल्शियम पुरतं. अंड्यावरच्या कोंबडीइतकं त्यांना दिलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात, वाढ खुंटते, पिलं मरतातही. आपल्या घरी पिलं, तलंगा, मोठ्या कोंबड्या सगळं एकाच अंगणात असतं. म्हणून वाटी मोठ्या कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर टांगा किंवा विटांवर ठेवा. मोठी मान उंच करून खाईल, पिलाचं तोंड पोचणार नाही. तलंगेचा तुरा लाल होऊ लागला, ती अंड्याच्या जागा हुडकू लागली, की तिला वाटीपर्यंत जाऊ द्या. गावरान तलंग साधारण सहा-सात महिन्यांत अंड्यावर येते, सुधारित जाती थोड्या आधी.

आता चुऱ्याचा आकार. ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंत असावा, पीठ नको. कारण सांगते. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसच्या आसपास तास नुसतं कवच चढण्यात जातात, आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा. रात्री कोंबडी काही खात नाही. पीठ घातलं तर ते संध्याकाळपर्यंत पोटातून निघून जातं. जाड खडा मात्र तिच्या पेट्यात, म्हणजे कलेजीबरोबर आपण खातो त्या पेट्यात, अडकून राहतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळतो. कवच घडतंय तेव्हाच माल पोचतो. म्हणून वाटी दिवसभर असू द्या, पण खुराड्यात जायच्या आधी, चार-पाच वाजता, ती भरलेली आहे ना हे न विसरता बघा.

किती लागेल? खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मं अंगी लागतं. म्हणून एका अंड्यामागे दहा ग्रॅम चुरा धरा, चहाचे दोन चमचे. आठवड्याला तीन-चार अंडी देणाऱ्या कोंबडीला रोजचे सरासरी पाच ग्रॅम. दहा कोंबड्या असतील तर दिवसाला पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो. एवढाच खर्च.

आता दुसरी बाजू बघा. समजा दहा कोंबड्या आठवड्याला चाळीस अंडी देतात आणि त्यातली चार फुटतात. महिन्याला सोळा गेली. समजा अंड्याला दहा रुपये मिळतात, तर १६० रुपये गेले. तुमच्या गावचा भाव घालून हा हिशेब गटात मांडा, आणि दीड किलो चुऱ्याची किंमत शेजारी लिहा.

चुन्याचं पाणी, बाटली आणि गोळ्या

पानात-तंबाखूत घालतो तो चुना किंवा भट्टीतला कळीचा चुना कोंबडीला देऊ नका. शिंपला आणि हा चुना एकच, असं वाटतं, पण भट्टीत भाजल्यावर त्याचा गुण बदलतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो हे आपण बघितलेलं आहे. भिजवलेला चुनाही तिखट असतो, तोंड आणि गळा भाजतो.

चुन्याची निवळी, म्हणजे वरचं स्वच्छ पाणी, तेवढी जहाल नसते. पण तिनं कवच होत नाही. पाण्यात चुना फारच थोडा विरघळतो. एक लिटर निवळीत कॅल्शियम एक ग्रॅमही नसतं, आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरच पाणी पिते. त्यात चव बिघडली म्हणून पाणी कमी प्याली, तर अंडीच कमी होतात.

दुकानातल्या कॅल्शियमच्या बाटल्या सगळ्याच वाईट नाहीत. त्यात ड जीवनसत्त्व असतं, ते पावसाळ्यात उपयोगी पडतं. पण घ्यायच्या आधी लेबल वाचा. शंभर मिलिलिटरमध्ये कॅल्शियम किती मिलिग्रॅम लिहिलंय, आणि एका कोंबडीला किती मिलिलिटर द्यायला सांगितलंय? गुणाकार करा आणि दोन हजार मिलिग्रॅमशी ताडून बघा. बाटली जोडीला चालेल, वाटीच्या जागी चालणार नाही.

आणि एक गोष्ट मनावर घ्या. आशाताई गरोदर आणि बाळंतीण बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या देतात. चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, ५०० मिलिग्रॅमच्या रोज दोन. त्या तुमच्यासाठी आहेत. गोळी आवडत नाही म्हणून कुटून कोंबडीला घालू नका. कोंबडीला एक गोळी म्हणजे कवचाचा पाव हिस्सा, तुम्हाला मात्र ती दिवसाची निम्मी गरज. बाळासाठी कॅल्शियम कमी पडलं तर ते आईच्या हाडांतून काढलं जातं, कोंबडीसारखंच. कोंबडीला शिंपला आहे. गोळी आपण घ्यायची.

वाटी ठेवली तरी कवच सुधारलं नाही तर?

वाटी ठेवल्यावर आठ ते पंधरा दिवसांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर कारण दुसरं आहे. क्रमानं बघा.

ऊन. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कोंबडीच्या अंगात उन्हानं तयार होतं. आषाढ-श्रावणात पश्चिमेकडं आठ-आठ दिवस ऊन नसतं. तेव्हा जरा उघडीप मिळाली की कोंबड्या बाहेर सोडा.

उष्मा. एप्रिल-मेमध्ये कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यानं तिच्या रक्तातला कवचाला लागणारा घटक कमी होतो, शिवाय ती खातेही कमी. सावली, थंड पाणी दोनदा, आणि खाणं सकाळी लवकर व संध्याकाळी, एवढं केलं तरी पुष्कळ.

वय. कोंबडी जुनी झाली की अंडं मोठं होतं, पण चुना तेवढाच वापरला जातो, म्हणून कवच पातळ. आणि तलंगेची पहिली एक-दोन अंडी मऊ आली तर घाबरू नका.

भीती. रात्री कुत्रं, साप, फटाके, वरातीचा आवाज. कोंबडी दचकली की अंडं अर्ध्या कवचाचं किंवा वेडंवाकडं येतं.

रोग. एकदम सगळ्याच कोंबड्यांची अंडी पातळ, सुरकुतलेली, पांढुरकी येऊ लागली, अंडी निम्म्यावर आली, सोबत घरघर, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणं असं दिसलं, तर ते शिंपल्याचं काम नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत, किंवा श्वासाचा दुसरा रोग असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, अंडी-कोंबड्या विकू नका, शेजारी देऊ नका. राणीखेतीची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब टाकून आणि पुढं आठव्या आठवड्यात टोचून देतात. एका लसीच्या बाटलीत पुष्कळ पिलांची मात्रा असते. म्हणून एकटीनं न घेता गटानं एक दिवस ठरवून सगळ्यांच्या पिलांना द्यावी.

घरच्या घरी कवचाची परीक्षा

शेवटी एक सोपी परीक्षा सांगते. एक लिटर साध्या पाण्यात १२५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्याच दिवशी दिलेली, न तडकलेली पाच-दहा अंडी त्यात एकेक करून हलकेच सोडा. घट्ट कवचाचं अंडं जड असतं, ते तळाला जातं. पातळ कवचाचं हलकं, ते वर तरंगतं. अंडं त्याच दिवशीचंच हवं, कारण शिळ्या अंड्यात हवा वाढते आणि घट्ट असलं तरी ते तरंगतं. ही अंडी घरात खा, उबवायला ठेवू नका. आज किती तरंगली ते वहीत लिहा, वाटी सुरू करा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.

खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या अंड्यांना मात्र मिठाचं पाणी लावायचं नाही. तिथं गुळगुळीत, सारख्या कवचाची, मध्यम आकाराची अंडी डोळ्यानं निवडा. पातळ कवचातून एकवीस दिवसांत आतलं पाणी जास्त उडून जातं, पिलू आतच सुकतं.

आणि कवच कितीही घट्ट असलं तरी दिवसातून दोनदा अंडी गोळा करा. अंड्याच्या जागी भुसा किंवा वाळलेलं गवत जाड टाका. चार कोंबड्यांना एक जागा तरी असू द्या. गर्दीतही अंडी फुटतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एवढं करा. प्रत्येकीनं पंधरा दिवसांची नोंद आणायची: कोंबड्या किती, अंडी किती, फुटलेली किती, मऊ किती. टरफलं आणि शिंपल्या कोण गोळा करणार, कोण उकळणार, कोण कुटणार, हे वाटून घ्या. एका घरी एकदा कुटलं की दहा घरांना महिनाभर पुरतं. अडलं तर गावचे पशुधन विकास अधिकारी आहेत, कणेरी आणि तळसंद्याला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं विचारा. आणि घरी गेल्यावर आज संध्याकाळी खुराडं बंद करायच्या आधी एक जुनी वाटी शोधा.